नवरदेव पोचला, वरात मागंच

ग्रुपवरच्या शहाण्या माणसांनो, आज बेल्यात माझ्या भाच्याचं लग्न होतं.

त्याच्या काकानं हैदराबादहून जुनी गोल्फ कार्ट आणली हाय, वरातीसाठी भाड्यानं देते. गाडी हळू चालते, ही काकासाहेबांची तक्रार. म्हणून कंट्रोलर बदलून स्पीड वाढवला. दुकानदार सांगत होता, ई-रिक्षाच्या बॅटऱ्या टाका, लांबपर्यंत टिकतात. यानं कारच्या टाकल्या, झटक्यात जोर देणाऱ्या. मी म्हटलं, "भाऊजी, काऊन?" तर म्हणे, "ताई, तुमाले गाडीतलं समजत नाही."

आज आमी बँडसोबत पुढं नाचून राह्यलो होतो, मागं कार्टात नवरदेव, चालवायले काका. काकाले दम निघाला नाही. बाजूच्या गल्लीतून गाडी काढली अन् स्पीड दाखवत थेट मांडवाच्या दारात नेली. तिथंच बॅटऱ्या बसल्या.

करवली आमच्यासंग मागं. नवरदेवासंग तिलेबी ओवाळतात, मंग ती नाही तर नवरीची आई ओवाळणार कशी, अन् ओवाळल्याशिवाय नवरदेव उतरणार कसा? पोरगं फेटा बांधून बंद पडलेल्या गाडीत कुरिअरच्या पार्सलसारखं बसलेलं. नवरीच्या आजोबांनी विचारलं, "जावईबापू, एकलेच आले काय?"

वरातीमागून घोडं ऐकलं होतं. वरात सोडून पळालेलं घोडं आज पाह्यलं.

जेवताना काका मले म्हणते, "ताई, आता लिथियमच्या बॅटऱ्या टाकतो, स्पीड अजून वाढवतो."

मले एवढंच सांगा, वरातीत लवकर पोचायचं कोणाले असते?