गाळलेली जागा

फिल्टरमावशीच्या हातांना भाजलेल्या कॉफीचा वास यायचा. ती स्वतः मात्र कॉफीचा घोटही घेत नसे. "जळक्या लाकडाचं पाणी ते," असं म्हणून नाक मुरडायची. दुबईत, जुमेऱ्यातल्या एका जर्मन कुटुंबाकडे ती स्वयंपाकाला होती. नव्वदच्या दशकाच्या मध्यात, आम्ही तिथल्या करामा भागात नवे असताना, ती दर शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, आमच्याकडे येई. एसीच्या निर्जीव गारव्यात तिच्याबरोबर आलेला तो कडवट, उबदार वास मला कुणीतरी नुकत्याच पेटवलेल्या चुलीसारखा वाटे.

तिला हे नाव कसं पडलं, ते तीच रंगवून सांगे. सावंतवाडीजवळच्या गावातून ती थेट त्या बंगल्यात आली आणि पहिल्याच आठवड्यात तिथे पाहुणे जेवायला आले. फडताळात पांढऱ्या, पातळ कागदांची चळत होती. फुगवला की एकेक कागद शंकूसारखा उघडे. "मला वाटलं, जर्मनांचे द्रोण! आपले पानांचे, त्यांचे कागदाचे." द्रोण उभे राहीनात, म्हणून तिने ते उकडलेल्या अंड्यांच्या चिमुकल्या कपांत बसवले आणि त्यांत दही वाढलं. पुलाव संपेपर्यंत कागदातून झिरपलेल्या पाण्याने कप भरून वाहिले, शुभ्र टेबलक्लॉथवर आठ ओली वर्तुळं उमटली. "म्हटलं, खलास! उद्याचं विमान."

पण मॅडम डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मग मोडक्या इंग्रजीत आणि उरलेलं हातवाऱ्यांनी त्यांनी सांगितलं, की हा कॉफी गाळायचा कागद, फिल्टर. आणि तो शोधला त्यांच्याच देशातल्या एका साध्या गृहिणीने. कॉफीचा गाळ दातांत येतो म्हणून वैतागून तिने पितळी भांड्याला खिळ्याने भोकं पाडली आणि आत मुलाच्या वहीतला टीपकागद घातला. मावशीला त्या शोधापेक्षा वेगळ्याच गोष्टीचं अप्रूप होतं. "डब्यावर अजून बाईचं नाव छापतात गो! नवऱ्याचं नाही, बाईचं." एक रिकामा डबा तिने सुईदोऱ्यासाठी ठेवून घेतला होता. वाचता येत नसलेल्या त्या परक्या अक्षरांवरून ती बोट फिरवी, देवाच्या पायांवरून फिरवावं तसं.

तिचा स्वतःचा शोध त्याच दुपारचा. उष्टे कप धुवायला घेतले, तर कागदात दह्याचा घट्ट गोळा. "बोटाला चक्का लागला, बाये!" आमच्या फ्लॅटच्या भिंतीत खिळा ठोकायची परवानगी नव्हती, श्रीखंडासाठी दह्याची पुरचुंडी न्हाणीघरातल्या नळाला लटके आणि घरदार आंघोळीसाठी ताटकळे. मावशीने पेल्यावर कागद बसवला, दही ओतलं, पेला फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी चक्का तयार: रेशमासारखा, फडक्याचा वास नसलेला.

दुबईत पाडवा कुठल्याही वारी येवो, आमच्या मराठी मंडळाचा पाडवा शुक्रवारी. एका वर्षी सगळ्यांसाठी चक्का मावशीने केला. मी फक्त साखर-वेलची घोटली. मंडळात मी कविता वाचत असे; अध्यक्ष माइकवर म्हणाले, "यंदाचं श्रीखंड आपल्या कवयित्रीवहिनींच्या नव्या युक्तीचं!" टाळ्या झाल्या. मी उठले. एकच नाव घ्यायचं होतं, आणि तेव्हा उमगलं, की ते मला ठाऊकच नाही. सळसळत्या पैठण्यांपुढे 'फिल्टरमावशी' म्हणायला जीभ रेटेना. मी हात जोडले आणि खाली बसले. शेवटच्या रांगेत सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती ती मावशीच.

टॅक्सीत मी म्हटलं, "चुकलं माझं, मावशी. तुमचं नाव मी गाळलं."

"गाळलं की पाणी खाली जायचंच. चक्का वर राहिला ना? मग झालं तर." मग खिडकीबाहेर पाहत ती हळूच म्हणाली, "त्या जर्मनणीचं मात्र राहिलं हो, डब्यावर."

तेव्हाही मी तिचं नाव विचारलं नाही. इतक्या वर्षांनी ते विचारणं म्हणजे आजवर न विचारल्याची कबुलीच होती.

दोन हजार सालानंतर ते जर्मन कुटुंब मायदेशी परतलं आणि मावशीचा व्हिसाही संपला. विमानतळावर मी पोचवायला गेले. विमानात भरायचा फॉर्म काउंटरवरच हाती आला होता. "चष्मा बॅगेत गेला गो. तूच भर," म्हणत तिने पासपोर्ट आणि फॉर्म माझ्या हातात दिले. शाळेतल्या प्रश्नपत्रिकेसारखा तो कागद: गाळलेल्या जागा भरा. पासपोर्ट न उघडता मी विचारलं, "नाव?"

तिने पदर सारखा केला, वर्गात हजेरी द्यावी तशी ताठ झाली. "शेवंती महादेव परब."

माझं पेन थबकलं. तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. तोच कॉफीचा वास. "सावकाश लिही, बाये. पहिल्यांदाच लिहितेस ना?"

तिला सारं ठाऊक होतं. पहिल्यापासून.

पुढच्या पाडव्याला मंडळासाठी मी चक्क्याचे डबे भरले आणि प्रत्येकावर एक चिठ्ठी डकवली. माझी लेक मराठी अक्षरं चाचपडत वाचते. फ्रिजच्या उजेडात उभी राहून तिने जुळवलं, "शे... वं... ती... आई, इज दॅट द ब्रँड?"

"हो," मी म्हटलं.