सिंधूकाठची कोपी

संस्कृती नदीकाठी जन्मते, बहरते आणि लयाला जाते, हे वाक्य मी वर्गात फार गंभीरपणे सांगत असे. उसाच्या पाचटाचा वास आला की मला त्या वाक्याची गेवराईकडची आवृत्ती आठवते. दिवाळीनंतर बहुतेक वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला जायचा. एका साली जाण्याआधी मुलांनी शाळेच्या व्हरांड्यात सिंधूकाठचं मातीचं नगर केलं. घरं, कोठार, गटारी, सगळं पुस्तकाबरहुकूम. नदीसाठी वाळू मात्र एका बांधकामावरून मागून आणली, कारण जवळच्या गोदावरीतली ट्रकांनी आधीच नेली होती. एका मुलीने नगराबाहेर पाचटाची कोपी उभी केली, ऊसतोड्यांची झोपडी असते तशी. "हे काय गं?" मी विचारलं. "सर, मग इटा पाडणारे कुठं ऱ्हात व्हते?" पुस्तकात उत्तर नव्हतं. "आमी येईस्तोर मोडू नका, बरं का," ती म्हणाली. मी हो म्हटलं. दुसऱ्या सकाळी ऊसतोड्यांना घेऊन ट्रॅक्टर गेले. पुढे पाहणीला आलेल्या साहेबांनी कोपीकडे बोट दाखवलं, "हे पुस्तकात नाही. काढा." "उत्खनन चालू आहे, साहेब," मी म्हणालो. कोपी वाचली. दुपारचा डबा मी त्या नगराशेजारीच खायचो. व्हरांड्यात दुसरी वस्ती नव्हती. हंगाम संपला, ट्रॅक्टर परतले, पण ती मुलगी पुन्हा शाळेत आली नाही. नगर जसंच्या तसं होतं. कोपी संक्रांतीच्या सुमारास शेळीने खाल्ली, हे तिला सांगायचं अजून राहिलं आहे.