अक्काची बंद केलेली गोळी

“मामा, आत्याबाई गेल्या.” पळसदेवहून रोहिणीचा, अक्काच्या सुनेचा, फोन आला तेव्हा मी वालचंदनगरला ऑफिसात होतो. अक्का माझी थोरली बहीण. छातीत कळ आली आणि बारामतीच्या दवाखान्यात पोचायच्या आतच...

तिच्या हृदयात स्टेंट होता, म्हणून रोज ॲस्पिरिनची छोटी गोळी. ती जाण्याच्या दोनेक आठवडे आधी उजनीचा मासा चिरताना विळीनं तिचा अंगठा कापला. रक्त लवकर थांबेना. घरात शिकलेला मी, म्हणून कागदपत्रांपासून औषधापर्यंत विचारायचं ते मला. मी म्हणालो, जखम भरेपर्यंत गोळी बंद ठेव.

“डाक्टरला इचारू का?”

एवढ्याशासाठी नको, म्हणालो. ती हसली. “बरं झालं बाबा. निम्मं पोट गोळ्यांनीच भरतंय.”

नंतर डॉक्टरांनी मला समजावलं. रक्तातल्या प्लेटलेट्स थ्रॉम्बोक्सेन नावाचं द्रव्य सोडतात. त्यानं त्या एकमेकींना चिकटतात, शीरही आवळते. कापलेल्या अंगठ्याला तेच हवं असतं. स्टेंटमध्ये तशीच गुठळी झाली तर जीव जातो. ॲस्पिरिन ते द्रव्य बनू देत नाही. गोळी थांबली, की रोज तयार होणाऱ्या नव्या प्लेटलेट्स ते पुन्हा बनवू लागतात. मी फक्त अंगठ्याचा हिशेब केला होता.

अक्काच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, पंगत बसली. अक्काची थोरली जाऊ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “सुनंनं येळंवर गोळी दिली असती, तर बाई आज हितं वाढत असती.” रोहिणी भाताचं पातेलं घेऊन माझ्यासमोरच उभी होती. गोळी कुणी बंद केली, हे तिला ठाऊक होतं. तिनं माझ्या पानात भात वाढला. मी तो कालवू लागलो.

गेल्या रविवारी पळसदेवला गेलो आणि जाऊबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “आन् मी गावभर सुनंचं नाव घेत फिरले.”

मागच्या दारी अक्काच्या पाटावर बसून रोहिणी मासे साफ करत होती. जाऊबाईंना खरं सांगितल्याचं तिला सांगितलं. हात न थांबवता ती म्हणाली, “आत्याबाईंनी तुमचं ऐकलं, त्याचा राग न्हाय, मामा. पर त्या दिवशी पंगतीत तुमी खाली मान घालून जेवत हुता.”