मांजरांच्या घराचा पंचनामा

नोकरीत खुनाचे, दरोड्यांचे पुष्कळ तपास केले. त्यांतले बरेचसे आता विसरलोही. कळंब्याच्या बाजूच्या एका कॉलनीतली ती घटना मात्र अजून जशीच्या तशी आठवते, आणि आठवली की मान खाली जाते.

मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत काम करणारा एक माणूस तक्रार घेऊन आला. त्याच्या शेजारी बालवाडीच्या निवृत्त शिक्षिका एकट्याच राहत.

"साहेब, बाईंच्या घरात मांजरंच मांजरं हाईत. वासानं आमच्या घरात घास उतरत न्हाय."

"मग काय, मांजरांना बेड्या घालू?" मी म्हणालो. सगळं ठाणं हसलं. तो गुमान निघून गेला.

महिन्याभराने तो परत आला, तेव्हा मी बीट अंमलदाराला पाठवलं. त्याने फाटकातूनच पाहून 'तक्रारीत तथ्य नाही' असा अहवाल दिला. मी न वाचताच सही केली.

तिसऱ्या खेपेला तो माणूस खुर्चीवर बसलाही नाही. "साहेब, आता ती ओरडत बी न्हाईत," एवढंच म्हणाला.

मी उठलो. दोन पंच, एक महिला हवालदार आणि पशुवैद्य यांना घेऊन तासाभरात तिथे पोचलो. बाईंनी कडी काढायलाच पाऊण तास लावला. आत पाय ठेवला आणि रुमाल नाकाला लावावा लागला. कपाटावर, चुलीच्या ओट्यावर, अंथरुणात मांजरं होती. कितीतरींचे डोळे पुवाने चिकटलेले. माणसं आत शिरली तरी एकही पळालं नाही, पळण्याइतकं बळच उरलं नव्हतं. बाई स्वतःही काडीसारख्या झाल्या होत्या.

आतली खोली कुलूपबंद होती. किल्ली मागितली तर बाई गप्प. मी आवाज चढवला, गुन्हा दाखल करीन म्हणालो, टेबलावर हात आपटला. त्या नुसत्या जमिनीकडे बघत राहिल्या. आरोपी गप्प बसला की तो काहीतरी लपवतोय, असं आम्ही धरून चालतो. महिला हवालदाराने मला बाजूला व्हायला सांगितलं आणि ती त्यांच्याजवळ खाली बसली.

"काकू, ही एवढी आली कुठनं?"

तेव्हा बाई बोलल्या. "मी कुठं आणली? लोक पोत्यात घालून फाटकाशी ठेवून जातात. बाई नाही म्हणत न्हाईत, हे सगळ्यांस्नी ठाऊक हाय." मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "तुमच्या ठाण्यातनं बी चार पिल्लं आली की. खोक्यावर तुमचाच शिक्का होता."

मला लख्ख आठवलं. आमच्या मुद्देमाल खोलीत मांजर व्यालं होतं आणि 'ही घाण कुठंतरी टाकून या' असं मीच एका शिपायाला सांगितलं होतं. कुठे टाकली, हे विचारलंही नव्हतं.

बाईंनी पदराची गाठ सोडून किल्ली दिली. आतल्या खोलीत मेलेली मांजरं होती, एकेक जुन्या साडीच्या तुकड्यात नीट गुंडाळलेलं. पुरायला खड्डा खणण्याचं त्राण त्यांच्यात राहिलं नव्हतं.

जिवंत मांजरं दवाखान्यात हलवली. निम्मी वाचली. पंचनामा मी स्वतः सांगून लिहून घेतला. प्रत्येक मांजर, प्रत्येक भांडं त्यात आलं. बाईंचं ते खोक्याबद्दलचं वाक्य मात्र मी लिहू दिलं नाही. लेखणी थांबवून महिला हवालदाराने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी म्हणालो, "पुढं लिही."

प्राण्यांना क्रूरतेने वागवल्याचा गुन्हा बाईंवर लागला. कोर्टात त्या एकट्याच उभ्या होत्या. आणखी काही सांगायचंय का, असं न्यायाधीशांनी विचारलं. बाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"न्हाय," त्या म्हणाल्या.

त्यांना शिक्षा झाली. पुढे कागलला भाचीकडे गेल्या, असं कळलं. मी एकदाही भेटायला गेलो नाही.

नको झालेली गोष्ट कुणाच्या तरी दारात ठेवून आपण हात झटकतो आणि मग त्याच दारातून वास येतो म्हणून तक्रार करतो. हे मला या प्रकरणाने शिकवलं. पण शिकलो तेव्हा अंगावर वर्दी होती आणि खरं लिहिण्याचा अधिकारही हातात होता. तेव्हा मी लिहिलं नाही.