बॉक्सच्या मागची खुर्ची

माझे दात पुढे आहेत आणि रंग काळा आहे. हे रडगाणं म्हणून सांगत नाही, पुढचं कळायला हवं म्हणून सांगते.

तेरमध्ये मी अंगणवाडीत मदतनीस आहे. खिचडी शिजवते, पोरांची नाकं पुसते. देवीची गाणी मात्र आईच्या मागं बसून लहानपणीच शिकले. आमच्या बायकांच्या मंडळात मी सुरुवात केली की बाकीच्या गप्प होतात. तेवढ्या भरवशावर धाराशिवच्या एका स्टुडिओत गेले. स्टुडिओ म्हणजे मोबाईलच्या दुकानावरची खोली, भिंतींना फोम चिकटवलेला, आवाज नको म्हणून पंखा बंद. मी रचलेलं गाणं घामाघूम होऊन एका दमात म्हटलं. मालकानं कानावरचा हेडफोन काढला.

"ताई, आवाज एक नंबर हाय. पण आता लोक गाणं ऐकत न्हाईत, बघत्यात."

त्यानं मला कुरूप म्हटलं नाही. कॅमेऱ्याला जरा वेगळं लागतं, एवढंच म्हणाला, आणि चहा मागवला. मी एकच मागितलं. गाण्यात एकदा तरी माझा चेहरा दिसू दे, मागच्या बायकांत दिसला तरी चालेल. "बघू की," तो म्हणाला. आपल्याकडे 'बघू की' म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला कळून घ्यायचं नव्हतं.

तामलवाडीजवळच्या एका माळावर शूटिंग झालं. मला निरोपच आला नाही. व्हिडिओ आला तेव्हा त्यात एक गोरी, नुकतीच लग्न झालेली मुलगी होती. कपाळभर मळवट, गळ्यात कवड्यांची माळ, आणि तिच्या तोंडून माझा आवाज. नवऱ्यानं मोबाईल हातात घेऊन दोनदा पाहिला. "पोरगी झकास हाय," म्हणाला. मग आठवण झाल्यासारखं म्हणाला, "तू बी चांगलं म्हणलीस." मी भाकरी उलटली.

गाणं चाललं. रिक्षात वाजू लागलं, बारशात वाजू लागलं. नवरात्रात ईट गावच्या मंडळानं त्या मुलीला बोलावलं, आठव्या माळेला, दुपारच्या बायकांच्या कार्यक्रमाला. गाणं मोबाईलवरचं नको, समोर संबळावर झालं पाहिजे, अशी त्यांची अट. मालकानं मला फोन केला. मी गेले. का गेले, याचं उत्तर मला अजून देता येत नाही. आपल्या गाण्यावर बायका कशा डोलतात, ते बघायचं असावं.

जीपमध्ये ती मुलगी माझ्या शेजारीच होती. "ताई, मला लई भ्या वाटतंय," म्हणाली. मी तिला ओळी कुठं तुटतात ते समजावलं. तिच्यावर राग यायला हवा होता. आला नाही.

मंडपात साउंडचे मोठे बॉक्स एकावर एक रचले होते. त्यांच्या मागं माझी खुर्ची. माझ्या हातात चालू माईक, तिच्या हातात बंद. मला तिची पाठ दिसत होती, आणि पलीकडं बायकांची नुसती डोकी. संबळ सुरू झालं, मी म्हणू लागले. तिसऱ्या कडव्याला मी मुद्दाम सूर लांबवला, ठरल्यापेक्षा कितीतरी लांब. तिचा माईक खाली आला, आणि आवाज चालूच. आता कुणीतरी बॉक्सच्या मागं बघेल, मला वाटलं. मी दम संपेपर्यंत वाट पाहिली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मालकानं कोपऱ्यातून माझ्याकडं पाहिलं, आणि मी पुढचं कडवं घेतलं.

गाणं संपलं. देवीचं गाणाऱ्या बाईची ओटी भरायची, ही आमच्याकडची रीत. बायकांची रांग लागली. मी माईक ठेवून खुर्चीतच बसले होते. पाण्याचा तांब्या शोधत एक म्हातारी मागं आली. मला बघून थांबली.

"रिकामीच बसलीस व्हय गं? ऊठ की. असा गळा रोज कुठं ऐकाय मिळतो? भर जा ओटी."

माझ्याजवळ काही नाही म्हटल्यावर तिनं आपल्या पिशवीतला नारळ, खण आणि मूठभर गहू माझ्या हातात दिले. हात धरून मला रांगेत उभं केलं. मी त्या मुलीसमोर गेले तेव्हा तिचा चेहरा पडला. तिनं पदर पुढं पसरला. मी तिला हळदीकुंकू लावलं. पदरात नारळ ठेवला, खण ठेवला, गहू घातले. ती भरल्या पदरानं खाली वाकली आणि तिनं माझ्या पायांवर डोकं टेकलं. बराच वेळ ती उठली नाही.

म्हातारी माझ्या खांद्याशी होती.

"बघ," ती म्हणाली, "एवढी गाणारी बाई तुझ्या पाया पडली. नशीब लागतं."

मी हो म्हणाले.