खांबावरची अक्का

फोन आला तेव्हा दुपारच्या जेवणाची गर्दी होती. मन्नाएखेळ्ळीला हायवेला लागून माझी खानावळ आहे. पलीकडून एकानं कन्नडमध्ये विचारलं, महानंदा तुमच्या कोण लागतात. मी म्हणालो, थोरल्या काकांची मुलगी, माझी अक्का. तो जरा थांबला... त्या थांबण्यातच मला कळलं. त्यानं पुढचं सांगायच्या आधी माझी नजर रस्त्यापलीकडच्या मंगल कार्यालयाकडे गेली होती. का गेली, ते कागदावर उतरवायला मला दोन महिने लागले.

अक्का भालकीजवळच्या मेहकरची. आमच्या घराण्यात तिच्याआधी कुणी नोकरी केली नव्हती, पुरुषांनीही नाही. तूर पेरायची, सोयाबीन काढायचं, मुलींची लग्नं लावायची. अक्कानं एसएसएलसी, म्हणजे दहावी, झाल्यावर लाईनमनच्या जागेचा अर्ज परस्पर भरला आणि मग घरात सांगितलं. परीक्षेत खांबावर चढून दाखवायचं होतं. आमच्या बांधावर एक बिनतारेचा सिमेंटचा खांब उभा होता. पंधरा दिवस ती सकाळ-संध्याकाळ त्यावर चढत होती. गुडघ्यांची सालं निघायची. काकू हळद लावायच्या.

नोकरीची ऑर्डर आली त्या दिवशी काका, म्हणजे तिचे अप्पा, अंगणात बसून होते. म्हणाले, "साप निदान दिसतो तरी, माय. ह्या विजेला ना रंग, ना आवाज."

"म्हणून तर शिकून जायलेय, अप्पा," ती म्हणाली.

पहिलं वर्षभर गावोगावची माणसं तिच्या मागं खरा लाईनमन शोधायची. ती कपाळावर विभूती लावून, वर हेल्मेट चढवून निमूट खांबावर जायची आणि वरून कन्नड, मराठी, दखनी, ज्याला जी कळेल त्या भाषेत लोकांना दूर हो म्हणून सांगायची. हळूहळू ती पंचक्रोशीची करंटवाली अक्का झाली. घरी मात्र धास्ती कधी गेली नाही. ती कामावर असताना फोन वाजला की काकू तो उचलायच्या नाहीत, दुसऱ्याकडे द्यायच्या. एकदा जनवाड्याकडे तिच्या सोबत्याचे दोन्ही हात भाजले. लाईन बंद करूनच तो चढला होता. कुणाच्या तरी घरातला जनरेटर चालू होता आणि तिथली वीज उलटी तारेवर आली होती. त्यानंतर आठवडाभर अक्काच्या हातातला घास तोंडापर्यंत जाऊन परत यायचा.

गेल्या उन्हाळ्यात ती माझ्याकडे जेवायला आली. वीज गेलेली, माझा जनरेटर चालू. तिनं ताटाला हात लावला नाही. उठून मागं गेली, तारा बघितल्या, आणि जनरेटर बंद केला. खांबाची तार वेगळी करणारा स्विच त्यात नव्हताच. फ्रीज लवकर चालू व्हावा म्हणून मीच वायरमनला तसं जोडून द्यायला लावलं होतं.

"शिवा," ती अगदी हळू बोलली, "ही तार जिथं जायलीय, तिथं माझा हात असतोय."

तिनं स्वतः जोडणी तोडली, मग विचारलं, त्या वायरमननं आणखी कुठं असं जोडून दिलंय? मला ठाऊक होतं. समोरच्या मंगल कार्यालयात, माझ्यासमोरच. पण त्यांच्या लग्नांचा स्वयंपाक माझ्याकडून जायचा. मालकाला वाईट वाटेल, काम तुटेल...

"ठाऊक न्हाई, अक्का," मी म्हणालो.

तिनं क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि खरं मानलं. पुढं एकदा मी कार्यालयाच्या मालकाला हसत हसत स्विच बसवून घ्यायला सुचवलं. करू की, म्हणाला. मीही विषय सोडला.

फोन आला त्या दिवशी वाऱ्यानं फांदी पडून कार्यालयामागची तार तुटली. अक्कानं लाईन बंद करून घेतली आणि चढली. आत लग्न होतं. वीज गेलेली बघून कुणीतरी रोजच्या सवयीनं जनरेटर लावला. मी रस्ता ओलांडून पोचलो तेव्हा तिला खाली उतरवलं होतं. मांडवातले लोक अजून जेवत होते.

आमच्याकडे गेलेल्या माणसाला बसवून पुरतात. मेहकरच्या शेतात तिला बसवलं, आमच्या पुरोहितांनी, जंगमांनी, विभूती लावली. माती लोटताना काकांनी जमलेल्या सगळ्यांना विचारलं, "हे कुणालाच ठाऊक नव्हतं काय रे?" माझ्या मुठीत माती होती. ती टाकली आणि बाजूला झालो.

परवा जाऊन काकांना सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. बांधाकडे बघत म्हणाले, "तिला खोटं ओळखू यायचं न्हाई. घरच्याचं तर न्हाईच." काकूंनी मला पाणी दिलं आणि तांब्या उचलून आत गेल्या. त्या बाहेर आल्या नाहीत.

आता माझ्या जनरेटरला स्विच आहे, नीट बसवून घेतलेला. तरी वीज गेली की गिऱ्हाइकं पंख्यासाठी ओरडत राहतात आणि मी किल्ली घेऊन आधी रस्त्यावर येतो. दोन्ही बाजूंचे खांब नजर पोचेल तिथवर बघून घेतो. वर कुणी नसतं. आत येतो, किल्ली लावतो... आणि ती फिरवायला हात धजत नाही.