तेजाबाचा प्रश्न

मी मुळातच भित्री. कोल्हापुरात कॉलेजात शिकवत होते, तरी पीएचडीच्या सरांच्या केबिनबाहेर उभं राहिलं की तळहाताला घाम फुटायचा. विषय मात्र मीच निवडलेला: हुपरीतल्या चांदी कारागिरांना होणारा कामाचा त्रास. माझं माहेरच हुपरीचं. आई तयार पैंजण तेजाबात घालून उजळायची, आणि खोकायची.

हा त्रास चार प्रश्नांतून मोजायचा होता: बसण्याचे तास, अपुरा उजेड, भट्टीची धग आणि तेजाबाची वाफ. घरोघरी फॉर्म भरून घेतले, एक आईकडूनही. मग संगणकावर बूटस्ट्रॅप नावाची चाचणी. म्हणजे समजा, सगळे फॉर्म एका पिशवीत घातले. एक काढायचा, नोंदवायचा, परत पिशवीत टाकायचा आणि पुन्हा हात घालायचा, जितके फॉर्म तितक्या वेळा. संगणक हे सगळं पाचशेदा करतो आणि सांगतो, कुठल्या प्रश्नाचं वजन, म्हणजे बाकी तिघांसोबत धरल्यावर त्रासातला त्याचा वाटा, दर वेळी टिकतं आणि कुठल्याचं डळमळतं.

तेजाबाचं डळमळलं. कधी अधिक, कधी उणे.

खरं सांगते, ते बघून मला हायसं वाटलं. आईच्या खोकल्याची धास्ती मी कधीपासून घेतली होती. डॉक्टरकडे चल म्हणायचा धीर होत नव्हता, न जाणो काय निघेल. आता संगणकच म्हणत होता की तेजाबाचं काही नाही. मी तो प्रश्न काढून टाकला आणि त्या रविवारी हुपरीला जाऊन पोटभर जेवले. आई आत खोकत होती. मी लक्ष दिलं नाही.

सरांनी प्रबंधाचं ते प्रकरण चाळलं. "चौथा प्रश्न कुठं गेला?"

"सर, वजन सिग्निफिकंट नव्हतं."

"म्हणून काढलास व्हय? ताप असला तर कपाळ बघ न्हायतर जीभ बघ, एक सोडलं तरी ताप ऱ्हातोच. हितं तसं न्हाय. हितं ह्या चारांनी मिळून त्रास तयार होतोय. चटणीतला लसूण काढल्यावर तीच चटणी ऱ्हाती का? आणि लोडिंग बघितलंस?"

लोडिंग म्हणजे तो प्रश्न एकटा घेतला तर त्रासाशी किती जुळतो ते. मी बघितलं नव्हतं. सरांनी प्रिंटआउट उलटून बोट ठेवलं. चारांत तेजाबाचं सगळ्यात जास्त होतं.

"ज्या घरात भट्टी, त्याच घरात तेजाब. दोघं एकाच वाटंनं चालल्यात, म्हणून भट्टीनं वजन ओढून घेतलंय. तेजाब निर्दोष हाय असं न्हवं. परत घाल तो प्रश्न."

मी प्रिंटआउट तिथंच सोडून उठले. सरांना वाटलं, प्रबंधाची भीती. "एवढं काय घाबरतीस? दुरुस्त कर की," ते म्हणाले.

मी तशीच स्टँडवर जाऊन हुपरीची गाडी धरली. वाटभर मनात एकच येत होतं. त्या पाचशे वेळांत कितीदा तरी आईचा फॉर्म पिशवीतून निघालाच नसेल, आणि तरी उत्तर आलं असेल.

आई नाकाला पदर लावून तेजाबाच्या भांड्यापाशी बसली होती.

"आई, उद्या डॉक्टरकडं जायचं."

"का गं? तुझ्या त्या कागदात काय आलं व्हय?"

"आलतं," मी म्हणाले. "मीच काढून टाकलं."